वर जंगल, खाली दर्या : साष्टी-कल्याणच्या खाडीतले तारू-सुतार आणि खलाशी

ठाणे हे बेटावरचे शहर आहे, हे ठाण्यात जन्म गेलेल्यांच्याही सहसा ध्यानात नसते. कल्याणच्या लोकलमध्ये बसले की दोन-तीन मिनिटांत गाडी खाडीवरच्या पुलावर येते आणि साष्टी बेट मागे पडते. पुलाखालचे पाणी डब्यातली फार थोडी माणसे पाहतात. त्याच पाण्यावर शतकानुशतके या मुलखाचा व्यवहार चालला, आणि त्यासाठी लागणारी तारवे इथल्याच सुतारांनी बांधली. हा संग्रह त्या सुतारांचा आणि त्यांची तारवे दर्यावर नेणाऱ्या खलाशांचा आहे. त्यांच्या हाल-अपेष्टांचे कारण एकच एक नव्हते, पण त्यातले सर्वांत जुने कारण नकाशात दिसते. म्हणून आधी नकाशा पाहू.

उल्हास नदी कल्याणवरून खाली येते, डोंबिवलीच्या मोठागावावरून, कोपर आणि दिवे-अंजूरवरून वळणे घेत ठाण्याच्या उत्तरेला पोचते. तिथे तिला दोन वाटा फुटतात. रुंद वाट काल्हेर, नागला बंदर, गायमुख, घोडबंदर करत वसईपाशी समुद्राला मिळते. दुसरी अरुंद वाट ठाणे आणि कळव्याच्या मधून दक्षिणेला उतरते आणि मुंबई बंदरात जाते. या दोन वाटा आणि पश्चिमेचा समुद्र यांच्या मधला भूभाग म्हणजे साष्टी. कल्याणच्या पाठीशी मुरबाड-शहापूरचे सागाचे जंगल, पलीकडे वाड्याचे. तारू बांधायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही : लाकूड जवळ, पाणी निवांत, भरतीला बांधलेले तारू आपसूक तरंगते. पण बांधलेले तारू समुद्रावर न्यायचे तर दोन्ही तोंडांपैकी एकातून जावेच लागणार. एका तोंडावर वसई आणि दुसऱ्यावर ठाणे. त्या दोन ठिकाणी ज्याचे तोफखाने आणि जकातीची चौकी, त्याच्या मर्जीवर कल्याणच्या सुताराची चूल.

ही गोष्ट शिवकाळात सुरू झाली असे आपण समजतो. ती पुष्कळ जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये कल्याणचा उल्लेख आहे तोच मुळी तक्रारीच्या सुरात. पूर्वी हे रीतसर बाजाराचे बंदर होते. सत्ता बदलल्यापासून त्याची नाकेबंदी झाली आहे, आणि चुकून तिथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असा त्या मजकुराचा आशय. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या नावांत कल्याणचे व्यापारी आहेत, लोहारही आहेत. म्हणजे गावात पैसा होता, कसब होते. पण बंदराचे दार दुसऱ्याच्या हाती गेले की कसबाला काही किंमत उरत नव्हती. सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी-लेखक पुन्हा कल्याणला मोठे बंदर म्हणतो आणि तिथून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड जात असल्याचे नोंदवतो. दार उघडले होते, एवढाच त्याचा अर्थ.

शिलाहारांच्या काळी ठाणे राजधानी झाले. त्या काळातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज कागदावर नाही, दगडावर आहे. बोरिवलीजवळच्या एकसरला उभ्या वीरगळींवर समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. बहुतेक अभ्यासक ती तेराव्या शतकातल्या यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्या युद्धाशी जोडतात. त्या युद्धात सोमेश्वराचा शेवट समुद्रातच झाला. काही अभ्यासक या वीरगळी त्याहून जुन्या मानतात. काळ कोणताही धरा, शिल्पकाराने नीट पाहिलेली जहाजे त्यात आहेत : उंच नाळ, मधोमध डोलकाठी, बाजूने वल्ह्यांची ओळ. वरच्या पट्टीत वीर स्वर्गात पोचतो, अप्सरा त्याला घेऊन जातात. वल्हेकरी मात्र खालच्याच पट्टीत राहतात. ज्यांच्या दंडांच्या जोरावर ती लढाई झाली, त्यांच्यापैकी कोणाचे नाव त्या दगडावर नाही. या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला ही उणीव पुढेही सतत भेटते.

मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या शेवटी ठाण्याविषयी लिहिताना इथल्या राजाची आणि चाच्यांची हातमिळवणी असल्याचे सांगितले आहे : लुटीतले घोडे राजाचे, बाकी माल चाच्यांचा. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा अन्याय. पण खाडीकाठच्या खलाशासाठी त्यात एक वेगळी अडचण होती, जिचा विचार क्वचितच होतो. चाचा कोण आणि सरकारी नोकर कोण, हे ज्या पाण्यावर ठरलेले नाही, तिथे साधा माल वाहणारा तांडेल दोघांच्याही संशयाचा धनी होतो.

१५३४मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि या संशयाला कागदाचे रूप आले. ‘कार्ताझ’ नावाचा परवाना नसलेले जहाज पोर्तुगीज जप्त करत. पुढे आंग्र्यांचे दस्तक आले, इंग्रजांचे पास आले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईपासून उत्तरेकडे माल नेणाऱ्या नाखव्याला वाऱ्याइतकीच चिंता कागदांची असे, कारण एकाचा परवाना दुसऱ्याच्या लेखी गुन्ह्याचा पुरावा ठरू शकत होता. त्याच पोर्तुगीज काळात वसई आणि आगाशीला जहाजबांधणी भरभराटीला आली. आगाशीची जहाजे युरोपपर्यंत जाण्याच्या लायकीची होती अशी जुनी नोंद आहे. याचा अर्थ, दार ज्याच्या हाती त्याच्यासाठी काम केले तर सुताराला भाकर मिळत होती.

आता कल्याणकडे. २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली. मराठी आरमाराची सुरुवात याच खाडीकाठी झाली, हे शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात नसते ते त्या खाडीच्या तोंडाशी काय चालले होते, ते. १६५९च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात भिवंडी, कल्याण आणि पनवेल इथे लढाऊ जहाजे बांधली जात असल्याची वार्ता आहे आणि ती बंदराबाहेर पडू देऊ नयेत अशी ताकीदही आहे. कामावर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कसबी होता, त्याच्याबरोबर त्याची माणसे होती. जहाजे जंजिऱ्याच्या सिद्दीवर चालवायची आहेत असे त्यांना सांगितलेले होते. आज सिद्दी, उद्या आपण, हे वसईच्या कप्तानाला कळत होते. त्याने आतून संधान बांधले आणि ही मंडळी एके दिवशी काम अर्धवट टाकून निघून गेली.

या प्रसंगावर अभ्यासकांचे दोन तट आहेत, आणि या क्षेत्रात पाऊल ठेवणाऱ्याने ते आधीच समजून घेतलेले बरे. एक तट म्हणतो, मराठी आरमाराचे तंत्र परदेशी कसबींकडून आले. व्हिएगस गेल्यावरही त्याची विद्या मागे राहिली. दुसरा तट म्हणतो, कोकणच्या सुताराला परक्याकडून शिकण्याची गरजच नव्हती. मला दोन्ही भूमिका पुऱ्या पटत नाहीत. युरोपीय जहाजावर तोफा पेलण्यासाठी सांगाडा कसा बांधायचा, हे शिकण्यासारखे होतेच, आणि ज्याने कामावर परक्यांना नेमले त्या राजाला ते ठाऊक होते. पण परके गेल्यावर काम बंद पडले नाही, हेही तितकेच खरे. १६६५च्या बसरूरच्या स्वारीत ८५ लहान आणि ३ मोठी जहाजे होती, असे कारवारच्या इंग्रज वखारकरांनी कळवले. सहा वर्षांत एवढी तारवे उभी राहतात ती एका परक्या मेस्त्रीच्या जोरावर नव्हे. ज्यांच्या जोरावर राहिली, ते सुतार-लोहार कोणत्या गावचे होते याचा कागद नाही.

अभ्यासाची परंपरा तशी समृद्ध आहे. गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवलेले पांडुरंग पिसुर्लेकर यांच्यामुळे पोर्तुगीज कागद मराठी इतिहासात आले. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेत आरमाराला स्वतंत्र जागा दिली. दा. गो. ढबू यांनी कुलाब्याच्या आंग्र्यांचा इतिहास लिहिला. भा. कृ. आपटे यांनी मराठी आरमाराबरोबर व्यापारी जहाजांचाही अभ्यास केला, आणि या संग्रहाच्या दृष्टीने त्यांची वाट मला सर्वांत जवळची वाटते. त्यांच्या आधीचा थर इंग्रजी गॅझेटिअरचा : १८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या खंडात बंदरे, नावांचे प्रकार, त्यांवर काम करणाऱ्या जाती यांची माहिती सरकारी शिस्तीने भरली आहे. तिसरी वाट लोकजीवन पाहणाऱ्यांची, कोळी-आगरी गाणी, सण, देवदेवता जमवणाऱ्यांची. या वाटा एकमेकींना फारशा भेटत नाहीत. आरमाराचा इतिहास वाचताना सुतार दिसत नाही, आणि लोकगीतांच्या अभ्यासात गलबताचा पठाण, म्हणजे तळाचा कणा, कुठल्या लाकडाचा होता हे कोणी विचारत नाही.

एक अपवाद आहे, तो राज्यकर्त्याच्या लेखणीतून आलेला. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड कसे तोडावे याचे नियम आहेत. स्वराज्यातल्या जंगलातला साग परवानगीनेच तोडायचा, कमी पडला तर परमुलखातून विकत आणायचा. आंबा-फणसाचे लाकूडही जहाजाच्या कामी येते, पण त्या झाडांना हात लावू द्यायचा नाही, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यायचे. लाकडाच्या मागणीपायी रयतेचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्यालाच असे नियम सुचतात.

१७३७मध्ये ठाणे आणि १७३९मध्ये वसई मराठ्यांनी घेतली आणि दोन्ही तोंडे कल्याणच्याच धन्याच्या हाती आली. ही स्थिती पस्तीस-छत्तीस वर्षेच टिकली. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. त्या वेढ्यात त्यांचा कमोडोर वॉटसन प्राणास मुकला. दरम्यान जहाजबांधणीचे केंद्रच हलले होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढच्या शंभर वर्षांत मुंबईच्या गोदीची कीर्ती जगभर झाली. १८१७मध्ये तिथे बांधलेले ‘ट्रिंकोमली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगते आहे. वाडियांच्या पिढ्यांची नावे, तसबिरी, मानपत्रे जपली गेली, आणि ते योग्यच झाले. त्यांच्या हाताखालच्या शेकडो सुतारांचा इतिहास मात्र हजेरीपटाच्या पलीकडे जात नाही.

गोदीत आणि खाडीत काम कसे चालत असे, हे थोडे जवळून पाहिल्याशिवाय या माणसांचा मोठेपणा कळत नाही. आराखडा कागदावर नसे. आधी पठाण टाकायचा, म्हणजे तळाचा लांब, सरळ कणा. पुढे नाळ, मागे सुकाणूचा खांब. मग फळ्या. पश्चिम किनाऱ्याची खासियत फळी जोडण्याच्या पद्धतीत होती : एका फळीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला तिच्यात बसणारी जीभ, आणि मध्ये राळेत भिजवलेल्या कापसाचा पातळ थर. सांधा इतका घट्ट बसे की अठराव्या शतकात इथे आलेल्या युरोपीय प्रवाशांनी त्याचे मुद्दाम वर्णन लिहून ठेवले. बुडाला चुना आणि तेल यांचा लेप. समुद्रातला किडा लाकडात शिरू नये म्हणून. वाकस, करवत, किंकरे, गिरमिट, गेरूत बुडवलेली दोरी, एवढ्यावर सारे काम. वाकडा भाग लागला तर लाकूड वाकवण्यापेक्षा तशाच वाकाची फांदी शोधून आणणे पसंत असे, म्हणून चांगला तारू-सुतार झाड उभे असतानाच त्यातली नाव पाहत असे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याच्या धक्क्यावर एका वृद्ध कारागिराला जुन्या होडीच्या बुडावर बोटाच्या पेराने टकटक करत जाताना मी पाहिले आहे. एका जागी तो थांबला, पुन्हा वाजवले आणि खडूने फुली मारली. वरून फळी धडधाकट होती. नंतर उकरली तेव्हा आतून भुसा निघाला.

मोठी जहाजे मुंबईकडे गेली तरी खाडीत काम उरले होते : पडाव, मचवे, होड्या. साष्टीचे मीठ, भिवंडी-कल्याणचा भात, गवत, जळाऊ लाकूड, नंतर विटा आणि रेती हे सारे पडावांनी मुंबईला जाई. हा प्रवास घड्याळाने होत नसे. ओहोटीला सुटायचे, भरती लागली की नांगर टाकून बसायचे, पुन्हा पाणी फिरले की निघायचे. भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढ नाही, म्हणून वल्ही मारायची किंवा काठीने रेटायचे. उधाणात ओढ फार, म्हणून वळणावर पडाव गाळात बसण्याची भीती. पावसाळ्याचे महिने हात रिकामे. त्या महिन्यांसाठी व्यापाऱ्याकडून उचल घ्यायची, ती पुढच्या मोसमात फेडायची, फेडता फेडता पुढचा पावसाळा यायचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या घरात त्या दिवशी सणाच्या आनंदाइतकीच ही मोकळीकही असे की आता काम सुरू होणार. समुद्रावरच्या वादळांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. खलाशाचे घर खरे बुडाले ते या उचलीत.

१६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला आगगाडी आली, पुढच्या वर्षी खाडी ओलांडून कल्याणला पोचली. जो माल भरती-ओहोटीच्या हिशेबाने जात होता तो तासांत जाऊ लागला. पडाव लगेच संपले नाहीत. जड आणि स्वस्त माल त्यांच्याकडेच राहिला. पण तारू-सुताराच्या मुलाला रेल्वेच्या कारखान्यात पगार मिळू लागला आणि धंद्याची साखळी तुटली. या संग्रहात आलेल्या अनेक कुटुंबांच्या आठवणी याच वळणावर येऊन थांबतात.

शेवटचा मोठा धंदा रेतीचा. मुंब्रा, डोंबिवली, ठाणे इथली रेतीबंदरे ही त्याची नावासकट उरलेली खूण. हातपाटीच्या पद्धतीत माणूस बादली घेऊन खाडीच्या तळाशी बुडी मारतो, रेती भरतो, वरची माणसे दोरीने ओढतात. कान फुटणे, छाती भरणे हे रोजचे. मुंबई-ठाणे-कल्याणच्या इमारतींत या बुड्यांची रेती आहे. मग यांत्रिक उपसा आला. खाडीचा तळ ओरबाडला गेला, काठ ढासळले, माशांची पैदास घटली, पुलांच्या पायांची काळजी वाटू लागली. २०१०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेतीउपशाला मनाई केली. खाडीच्या बाजूने पाहिले तर ही मनाई आवश्यक होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ड्रेजरवाला आणि बुडी मारणारा यांना एकाच तागडीत घालणे अन्यायाचे होते, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले पाहिजे. एकाकडे भांडवल होते, ते दुसऱ्या धंद्यात गेले. दुसऱ्याकडे श्वास होता.

आज हा विषय पुन्हा का? कारण खाडीकडे पुन्हा सगळ्यांची नजर वळली आहे. कल्याण-ठाणे-मुंबई हा पाण्याचा मार्ग २०१६च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ ठरला. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली इथल्या जेट्टींच्या योजना आहेत. वसई-भाईंदर रो-रो सेवा २०२४मध्ये सुरू झाली. ठाण्याच्या खाडीला ऑगस्ट २०२२मध्ये रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला. नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही नौका कल्याणला दुर्गाडी किल्ल्यापाशी आणण्यात आली, आरमाराची आठवण म्हणून. हे सारे स्वागतार्ह आहे. माझा आग्रह एवढाच की या योजना आखताना पाणी ओळखणाऱ्या माणसांना विचारले जावे. गाळ कुठल्या वळणावर साठतो, कुठल्या महिन्यात ओढ कुठल्या काठाला लागते, हे चेंदणीच्या, काल्हेरच्या, नायगाव आणि भाईंदरच्या मधल्या पाणजू बेटाच्या लोकांना ठाऊक आहे. पाणजूकरांच्या घराशेजारून रेल्वेचा पूल जातो आणि त्यांना स्वतःला गावात जायला होडी लागते. आपल्या नियोजनात हा माणूस कुठे बसतो, याचे उत्तर त्या एका गावात मिळते.

या संग्रहाने राजांचा आणि लढायांचा इतिहास पुन्हा सांगण्याचा प्रयत्न केलेला नाही. तो उत्तम रीतीने सांगितला गेला आहे. इथे दस्तऐवज आणि तोंडी आठवणी शेजारी ठेवल्या आहेत, आणि जिथे त्या एकमेकींशी जुळत नाहीत तिथे ओढूनताणून जुळवलेल्या नाहीत. कारागिरीची वर्णने शक्य तितकी कारागिरांच्याच बोलीत ठेवली आहेत. आगरी आणि कोळी उच्चार प्रमाण भाषेत बदलून घेतलेले नाहीत. उत्तरेला आगाशी-अर्नाळा आणि दक्षिणेला उत्तन-मनोरीपर्यंत मर्यादा आखली आहे, कारण त्यापलीकडचा किनारा वेगळ्या वाऱ्यांचा आणि वेगळ्या बंदरांचा आहे. फायबरच्या होड्यांवर काम करणाऱ्या आजच्या कारागिरांनाही जागा दिली आहे. लाकूड गेले म्हणून कसब संपले, असे मानायला मी तयार नाही. साच्यातून निघालेल्या होडीचा तोल अजूनही नजरेनेच साधला जातो.

पुराव्यांत मोठ्या फटी आहेत. स्त्रियांच्या आठवणी फार कमी मिळाल्या, आणि पावसाळ्यातले घर तर त्यांनीच चालवले. पडावांच्या मालकीचे, उचलीचे, दुरुस्तीचे हिशेब बहुतेक घरांतून रद्दीत गेले. ज्यांच्या घरी असा एखादा जुना हिशेबाचा कागद, परवाना, पडावासमोर उभ्या आजोबांचा फोटो किंवा नुसता एखादा वाकस असेल, त्यांनी तो टाकून देण्याआधी जवळच्या ग्रंथालयाला किंवा इतिहासाच्या अभ्यासकाला दाखवावा. काल्हेर, कोपर, दिवा, मोठागाव इथली जुनी घरे पाडून टॉवर उभे राहत आहेत, आणि माळ्यावरच्या पेट्या त्याच आठवड्यात भंगारात जातात. पुढच्या आवृत्तीचे काम त्या पेट्यांपासून सुरू करायचे आहे.